एकमेकांपासून दूर राहणारी मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एकीने तरी आपल्या घरचा अनुभव चारचौघींपुढे मांडावा असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा सेक्रेटरीबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय अजिबात नाही. पण विषय रोज माझ्या हातातला आहे आणि शेवटी मंडळाकडे एक मागणेही आहे, म्हणून धीर करून उभी राहिले. परदेशची जी माहिती सांगणार आहे ती काही आमच्या डॉक्टरांनी समजावली आणि काही माझ्या थोरल्या मुलीने इंग्रजीतून वाचून मला सांगितली.

आमच्या धाकट्याला तुम्ही सगळ्या ओळखता. वय तेरा, दिसतो नऊ-दहाचा. त्याच्या दुखण्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. नाव मोठे अवघड आहे. अमेरिकेत १९६५ साली चार वर्षांच्या एका मुलाने आईला फोनवर हे नाव घेताना ऐकले आणि त्याच्या कानाला ते ‘सिक्स्टी-फाइव्ह रोझेस’ असे, म्हणजे पासष्ट गुलाब असे वाटले. तेव्हापासून तिकडची कितीतरी लहान मुले आपल्या दुखण्याला पासष्ट गुलाबच म्हणतात.

हे दुखणे जन्मतःच असते. आई आणि बाप दोघांकडून एकेक दोष आला तरच ते मुलाला होते. आईबाप स्वतः धडधाकट असतात आणि आपल्यात असे काही आहे हे त्यांच्या गावीही नसते. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारांत एक इतकी या दुखण्याची शक्यता असते. तेव्हा यात कोणाची दृष्ट नाही, कोणाचे पाप नाही, आणि एकट्या सुनेचा दोष तर मुळीच नाही, हे सासूबायांनी विशेष ध्यानात घ्यावे.

अशा मुलाच्या शरीरातला स्राव फार घट्ट आणि चिकट होतो. छातीत कफ चिकटून बसतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचा रस आतड्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कितीही तूप-लोणी घाला, अंगी लागत नाही. आणि घाम अतिशय खारट असतो. ज्या बाळाचा पापा खारट लागतो ते बाळ जगत नाही, अशी युरोपात फार जुनी समजूत होती. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या बाईंनी १९३८ साली हे दुखणे प्रथम वेगळे ओळखून नीट मांडले. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात तेथे कडक ऊन पडले, तेव्हा उष्म्याने कोमेजून इस्पितळात आलेल्या मुलांत या दुखण्याची मुले बरीच आढळली. त्या धाग्यावरून डॉ. पॉल डी सांत-आग्नेसे यांनी १९५३ साली घामातल्या जादा मिठाचा शोध लावला. आजही निदान मुख्यतः घामाच्या चाचणीवरच होते. आमच्याकडे ते धाकटा सहा वर्षांचा झाल्यावर झाले. तोवर कोणी दमा म्हणाले, कोणी क्षय म्हणाले, आणि औषधे बदलत राहिली.

आता आमचा दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगते. पहाटे उठून त्याला औषधी वाफ द्यायची. मग आडवा-उताणा करून वीस-पंचवीस मिनिटे छाती-पाठ थोपटायची, म्हणजे कफ सुटतो. काही खायचे म्हटले की बरोबर पाचक कॅप्सूल घ्यायच्या. संध्याकाळी पुन्हा वाफ आणि पुन्हा थोपटणे. आजारी असो की दिवाळी असो, यात खंड नाही.

दोन वर्षांपूर्वी एके रात्री थोपटताना तो मला म्हणाला, “आई, माझ्यासारखे आणखी कोणी आहे का गं? मला एकदा बघायचंय.” पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारले, “तुमच्याकडे अशी आणखी मुले येतात, त्यांची सुट्टीत एकदा गाठ घालून द्याल का?” डॉक्टर म्हणाले, “ताई, त्यांची गाठ पडू नये म्हणूनच मी त्यांना वेगवेगळ्या वारी बोलावतो.” मग त्यांनी जी हकीकत सांगितली ती मी तुम्हांला सांगते.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत या दुखण्याची फार थोडी मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत पोचत. पुढे औषधोपचार सुधारले आणि मुले वाढू लागली. पण वाढली ती एकेकटी. वर्गात खोकला आला की पोरे मागे वळून बघायची, डब्याबरोबर गोळ्या काढल्या की हसायची. कित्येकांना तर रात्री पाण्याच्या बारीक तुषारांनी भरलेल्या तंबूत निजवीत. अशा मुलांसाठी तिकडे आणि कॅनडातही उन्हाळी शिबिरे सुरू झाली. तळ्याकाठी राहायचे, पोहायचे, होड्या वल्हवायच्या, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणायची. सकाळी सगळ्यांची पाठ थोपटणे एकत्रच, जेवताना सगळ्यांच्या गोळ्या एकत्रच. खोकला आला तर कोणी वळून बघत नसे, कारण शेजारचाही खोकतच असे. आणि घरी त्यांच्या आयांना वर्षातून एक आठवडा पाठ टेकायला मिळे. रोज दोनदा थोपटणाऱ्या आईलाच त्या आठवड्याची किंमत कळेल. १९८० च्या सुमारास अशी शिबिरे ठिकठिकाणी भरत होती.

यातच एक जंतू शिरला. त्याची कथा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बायकांना चटकन समजेल. वॉल्टर बर्कहोल्डर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० साली कांद्याच्या सडीचे कारण म्हणून एका जंतूचे वर्णन केले. लॅटिनमधल्या कांद्याच्या नावावरून त्याला ‘सेपेशिया’ म्हटले. चाळीतल्या कांद्याला आतून पाणी सुटते, बोट लावताच पापुद्रा घसरतो, ती सड आपण सगळ्यांनी हाताळली आहे. त्याच घराण्यातले जंतू या मुलांच्या छातीत सापडू लागले. निरोगी माणसाला सहसा त्यांचे काही वाटत नाही. पण या मुलांच्या घट्ट कफात ते ठाण मांडतात आणि पुष्कळशा औषधांना दाद देत नाहीत. १९८४ साली कॅनडात टोरांटोच्या डॉक्टरांनी लिहिले की, हा जंतू शिरलेल्यांपैकी काही रुग्ण ताप येऊन बघता बघता खालावतात आणि दगावतात. आमच्या डॉक्टरांनी धाकट्याला कांदा निवडताना चाळीत पाठवायचे नाही असे बजावले आहे, त्याचे कारण मला तेव्हा कळले.

जंतू मुलाकडून मुलाकडे जातो की नाही, यावर बरीच वर्षे एकमत नव्हते. १९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन शिबिरांतल्या मुलांची थुंकी शिबिरापूर्वी आणि शिबिरानंतर तपासली. शिबिरातून परतलेल्यांपैकी काहींच्या थुंकीत हा जंतू नव्याने आला होता. शिबिराला न गेलेल्या मुलांचीही तपासणी केली होती, त्यांच्यात नवी लागण एकालाही झाली नव्हती. १९९३ साली ब्रिटनमधल्या एडिंबरो आणि मँचेस्टरच्या रुग्णांवरून दिसले की, इस्पितळाबाहेरच्या मैत्रीतूनही तो पसरतो. म्हणजे एका पेल्यातून पिणे, खेटून बसणे, गळ्यात गळा घालणे, मैत्रीच्या ज्या ज्या म्हणून खुणा, त्याच वाटांनी तो जात होता.

आधी ज्यांच्या थुंकीत जंतू सापडला होता त्यांना शिबिराला येऊ नका असे सांगितले गेले. भगिनींनो, मला यातले हेच सर्वांत जड वाटते. ज्या एका जागी आपल्याला कोणी वेगळे धरत नाही असे त्या पोरांना वाटत होते, त्या जागीही त्यांना वेगळे धरावे लागले. पुढे त्या उपायावरही भागेना. १९९३ च्या सुमारास शिबिरांना पाठबळ देणाऱ्यांनीच हात काढून घेतला आणि बहुतेक शिबिरे बंद झाली. डेन्मार्कच्या एका हिवाळी शिबिराचा अहवाल २००० साली छापला गेला. त्यात दुसरा एक जंतू असाच मुलामुलांत पसरल्याचे आढळले. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे २०१३ पासून या दुखण्याच्या दोन माणसांनी एकमेकांपासून निदान सहा फूट दूर राहायचे असते. एका घरात राहणाऱ्या भावंडांची गोष्ट वेगळी. सहा फुटांचे अंतर म्हणजे काय ते आपण सगळ्या २०२० साली शिकलो. आपले अंतर दोन-अडीच वर्षांत संपले. या मुलांचे जन्मभराचे आहे.

तेव्हा तिकडे काही मुलांनी आणि पालकांनी कुरकूर केली. सोबत गेल्यावर नुसते श्वास मोजून काय करायचे, असे म्हणणारेही होते. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण शिबिरे बंद करणाऱ्यांनी योग्यच केले असे मला मनापासून वाटते. मूल जगले तर सोबत पुढे दुसरीकडे शोधता येते. आणि ती मुले पुष्कळ जगली. २०१२ पासून या दुखण्याच्या मुळाशी काम करणारी औषधे निघू लागली, २०१९ साली तीन औषधांची एकत्र गोळी निघाली, आणि तिकडे आज जन्मणारे असे मूल पन्नाशी ओलांडील अशी आशा धरतात. त्या गोळ्यांची अमेरिकेतली किंमत निघाली तेव्हाच वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती. ती आमच्यासारख्या घराच्या आवाक्यातली नाही. आमचे औषध म्हणजे वाफ, थोपटणे, कॅप्सूल आणि खाणेपिणे.

धाकट्याला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. आता डॉक्टरांच्या ओळखीने दुसऱ्या राज्यातल्या एका मुलाशी तो फोनवर बोलतो. दोघे एकमेकांना तोंडे दाखवतात, कोणी किती कॅप्सूल गिळल्या याच्या पैजा लावतात. ऐकून मला हसूही येते आणि डोळेही भरतात. पण फोनवरच्या मित्राबरोबर ओट्यावर बसून कॅरम खेळता येत नाही.

म्हणून आता मागण्याकडे येते. आपल्या मंडळाचे बालशिबिर दर मे महिन्यात भरते. गेल्या खेपेला एका घरून निरोप आला होता की, खोकणारा मुलगा असेल तर आमची मुले येणार नाहीत. मी त्या माउलीवर रागावले नाही. आपले मूल कोणाला प्यारे नसते? पण आज स्पष्ट सांगते, हे दुखणे लागट नाही. धाकट्याच्या खोकल्याने तुमच्या निरोगी मुलांना हे दुखणे होत नाही. उलट तुमच्या मुलाची साधी सर्दी त्याला महिनाभर अंथरुणाला खिळवते. त्याला जपायचे ते त्याच्यासारख्याच मुलापासून आणि सर्दी-पडशापासून. म्हणजे त्याला सोबत करू शकतील अशी मुले जगात कोणती? तुमचीच. धडधाकट, दंगेखोर, आपल्या गल्लीतली.

तेव्हा यंदा त्याला बालशिबिरात घ्यावे आणि चार गोष्टी सांभाळाव्यात. ज्या मुलाला सर्दी-ताप असेल त्याने त्या दिवशी घरी राहावे. हात धुवायला साबण ठेवावा आणि पाण्याचा पेला प्रत्येकाने आपापला आणावा. उन्हाच्या वेळी मीठ घातलेले लिंबाचे सरबत सर्वांनाच द्यावे. आमच्या धाकट्याला जादा मीठ लागते, ते मी त्याच्या पेल्यात घालीन. आणि तो कॅप्सूल घेताना किंवा खोकताना कोणी टक लावून बघू नये. यात मंडळाला खर्च फक्त लिंबांचा आहे, तोही मी उचलीन.

आणखी एक. आपल्या भागात हे दुखणे असलेले दुसरे मूल असेल, कदाचित अजून त्याचे निदानही झाले नसेल. सतत खोकणारे, भरपूर खाऊनही न वाढणारे, ज्याच्या कपाळाला मीठ लागते असे मूल कोठे पाहिलेत तर त्याच्या आईला माझ्याकडे पाठवा. घामाची चाचणी कोठे होते ते मी सांगेन. ते मूल आपल्या शिबिराला येऊ लागले तर दोघांना एका दिवशी येता येणार नाही. तेव्हा दिवस वाटून घेऊ. त्याच्या पाळीला आमचा धाकटा घरी राहील. मी मात्र येईन, आणि त्याच्या आईला सांगेन की बाई, आज तू घरी जा, घटकाभर पाठ टेक, तुझ्या लेकाकडे आम्ही सगळ्या आहोत.