गेलेली पाळी परत येत नाही

‘एवढ्याशासाठी कशाला यायचं, म्हणून अंगावर काढलं,’ हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकते. गेल्या वर्षी बावन्न वर्षांच्या एक मावशी आल्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. पुन्हा रक्त दिसू लागलं, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, ‘पाळी परत आली असेल.’ कांद्याची काढणी, मग नातीचं बारसं, असे आठ महिने गेले. तपासलं तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग आजूबाजूला पसरला होता.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी तपासून घ्या. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त किंवा तांबूस पाणी जाणं, हीही लक्षणं आहेत. अशा बहुतेक जणींना कर्करोग नसतो. पण ते तपासल्यावरच कळतं.

सुरुवातीला मात्र काहीच जाणवत नाही. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा हा रोग अनेक वर्षं हळूहळू वाढतो. म्हणून तिशीनंतर त्रास नसतानाही तपासणी हवी. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावलं, की संशयित भाग पांढरा दिसतो. काही मिनिटांचं काम. विषाणू शोधणारी चाचणीही आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ही चाचणी एकदाच केल्यानेही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आता लसही आहे. ९ ते १४ या वयात मुलींना ती सर्वांत उपयोगी पडते.

मावशींचे किरणोपचार सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं, तशा त्या गावी निघाल्या. मी अडवलं. रक्त थांबलं म्हणजे रोग गेला नव्हे. मध्ये खंड पडला, की गुण कमी येतो; सगळे उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरे व्हावे लागतात. मुलाने धर्मशाळेत खोली घेतली आणि उपचार पुरे झाले. त्या अजून तपासणीला येतात.

मागच्या खेपेला त्यांनी सुनेलाही आणलं. तिला काही त्रास नव्हता. तपासणीत पांढरा डाग दिसला. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. तेवढा भाग गोठवून त्याच दिवशी तिला घरी पाठवलं.

घरातल्या पुरुषांनाही सांगते: ती ‘काही नाही’ म्हणाली, तरी तिच्याबरोबर दवाखान्यात या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)