फुकटच्या शिकण्याला सोबत हवी



आज माझीच एक फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर हिशेबाचा एक मोफत अभ्यासक्रम सुरू केला. गटाचं दप्तर नीट लिहिता यावं, एवढंच मनात होतं. पहिला आठवडा हौसेनं गेला. मग कापूस वेचणी आली, पोराची परीक्षा आली, आणि शिकणं तिथंच राहिलं. "काल का नाही बसलीस?" असं विचारायलाही कुणी नव्हतं.

लग्नानंतर बी.ए. मात्र मी पूर्ण केलं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. घर-शेत सांभाळून शिकणाऱ्यांना सोयीचं असं हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं. तिथं मी टिकले, कारण अभ्यासकेंद्रावर आम्ही चौघी मिळून जायचो. एखादी दिसली नाही, की बाकीच्या तिघी तिच्या दारात उभ्या!

आता केंद्र सरकारचं 'स्वयम्' आहे. २०१७ साली ते सुरू झालं. मोठमोठ्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे धडे त्यावर घरबसल्या मोफत पाहता येतात. पण काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. शिकणं फुकट आहे, पण प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून परीक्षा द्यावी लागते. बरेच धडे इंग्रजीत आहेत. आणि फोन? आपल्यापैकी किती जणींचा फोन स्वतःचा आहे? पोरगा घेऊन गेला की आपली शाळा बंद.

फोन नसेल तर टीव्हीवर 'स्वयंप्रभा'च्या वाहिन्या आहेत. दूरदर्शनच्या फ्री डिशवर त्या दिसतात, नेटचा खर्च नाही. एकच कार्यक्रम दिवसातून अनेकदा लागतो, सकाळी चुकला तर रात्री बघता येतो.

आणि सावध राहा. 'मोफत कोर्स' म्हणून कुणी ओटीपी किंवा बँकेचा नंबर मागितला, तर देऊ नका. शिकायला ओटीपी सांगावा लागत नाही.

आमच्या गटानं यंदा एक केलं. बैठक संपली की अर्धा तास एकाच फोनवर सगळ्यांनी मिळून धडा बघायचा. इंग्रजी अडलं की कॉलेजात जाणारी एखादीची लेक मराठीत सांगते. आठवीत शाळा सुटलेली आमची एक मैत्रीण परवा म्हणाली, "ताई, व्याज कसं काढतात ते कळलं. आता दप्तरावर सही करायच्या आधी मी स्वतः मोजीन."

बायांनो, एकटीनं पैसा साठत नव्हता, म्हणून आपण गट केला. शिकण्याचंही तसंच आहे. पुढच्या बैठकीत बचतीबरोबर हाही विषय घ्या: काय शिकायचं, कोणत्या वारी बसायचं, आणि जी येणार नाही तिच्या दारात कुणी जायचं.