चहा, कॉफी आणि आपले आरोग्य
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)





व्यसनमुक्ती म्हटले की आपण दारू, गुटखा, तंबाखू, मटका यांविषयी बोलतो. ते योग्यच आहे. या गोष्टींनी आपल्या वस्त्यांमधील किती संसार धुळीला मिळवले, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु आज मी अशा एका सवयीविषयी बोलणार आहे, जिला आपण सवय म्हणून ओळखतच नाही. ती सवय म्हणजे चहा. शहरात शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्यात कॉफीचीही भर पडली आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. चहा पिणे म्हणजे पंचशीलाचा भंग नव्हे. पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज यांपासून दूर राहण्याचा संकल्प आहे. त्याचे कारण या पदार्थांनी माणूस बेभान होतो, प्रमादात सापडतो. चहाने तसे होत नाही. उलट चीन-जपानमधील भिक्खूंनी ध्यान करताना झोप येऊ नये म्हणून चहाचा आधार घेतला. एइसाई या जपानी भिक्खूंनी तर १२११ साली चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथ लिहिला. तेव्हा चहा पिणाऱ्याला पापी ठरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र जी वस्तू मिळाली नाही तर डोके दुखते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही, त्या वस्तूचे आपण मालक आहोत की गुलाम, हा प्रश्न बुद्धाच्या अनुयायांनी स्वतःला विचारलाच पाहिजे.

चहा आपल्याकडे आला कसा?

चहा हे आपले परंपरागत पेय आहे असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. इंग्रजांनी आसामात चहाची लागवड केली आणि १८३९ साली तो चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. त्या मळ्यांत राबायला छोटा नागपूरच्या आदिवासींना करारावर बांधून नेले, आणि चहा मात्र परदेशी गेला. पुढे १९०३ साली चहावर उपकर बसवण्यात आला व त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्टेशने, गिरण्या, कारखाने, खाणी येथे चहाचे स्टॉल निघाले. १९३० नंतरच्या मंदीत परदेशची मागणी घटली, तेव्हा हा प्रचार अधिक जोराने झाला. फुकट चहा पाजून लोकांना सवय लावली गेली. म्हणजे ज्याला आपण ‘आपला चहा’ म्हणतो, तो दोन-चार पिढ्यांपूर्वी व्यापाऱ्यांनी घरोघर पोहोचवला आहे.

आपल्या समाजाचा चहाशी आणखी एक संबंध आहे आणि तो विसरता येणार नाही. खेड्यातल्या हॉटेलात आपल्या माणसाची कपबशी वेगळी असे. ती बाहेर ठेवलेली असे. आपणच ती विसळायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा आणि पैसे मात्र इतरांइतकेच मोजायचे! बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाने कलम १७ नुसार अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेशाचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. त्यामुळे एका बाकावर बसून, एकाच कपातून चहा पिणे ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती, ती माणुसकीची खूण होती. म्हणूनच आपण पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाही. त्या भावनेचा मी आदर करतो. प्रश्न आहे तो दिवसाकाठी रिचवल्या जाणाऱ्या सहा-सात कपांचा.

शरीरात काय घडते?

चहा आणि कॉफी या दोहोंमध्ये कॅफीन नावाचे द्रव्य असते. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून ते वेगळे केले. आपण जागेपणी काम करतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते मेंदूतील ठराविक जागी जाऊन बसले की आपल्याला थकवा जाणवतो, झोप येते. कॅफीन नेमके त्याच जागी जाऊन बसते आणि अडेनोसिनची वाट अडवते. थकवा गेलेला नसतो. तो कळत नाही, एवढेच. सावकाराने हप्ता पुढे ढकलला म्हणजे कर्ज माफ झाले असे होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

रोज कॅफीन मिळू लागले की मेंदू या जागांची संख्या वाढवतो. मग पूर्वी एका कपाने येणारी तरतरी दोन कपांनीही येत नाही. आणि एखादे दिवशी चहा चुकला की साधारण १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते, अंग गळून जाते, माणूस चिडचिडा होतो. हा त्रास दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदान-नियमावलीत या त्रासाची नोंद स्वतंत्र विकार म्हणून झाली आहे. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या काही उपासिका ‘उपोसथाने डोके दुखते’ असे म्हणतात. पुष्कळदा तो दोष उपोसथाचा नसतो, चुकलेल्या चहाचा असतो.

किती घ्यावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये. १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. यावरून प्रत्येकाने आपला हिशेब करावा. गरोदर भगिनींनी अधिक जपले पाहिजे. गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार हळू बाहेर पडते. ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, म्हणजे गर्भपाताचा व कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका घटेल, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिला. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली ही मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते सत्याला धरून होणार नाही. मर्यादित प्रमाणात कॉफी पिणाऱ्यांमध्ये मधुमेह, यकृताचे काही विकार आणि पार्किन्सनचा आजार कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. परंतु हा कॉफीचाच परिणाम आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय आपला चहा म्हणजे साखरेचा पाक! कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत ६० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण माणसाची दिवसभराची मर्यादा सुमारे ५० ग्रॅम आहे आणि २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. मधुमेह घरोघरी दिसू लागला आहे, तेव्हा याचा विचार व्हावा.

खरा धोका : उपाशीपोटी चहा

माझ्या मते आपल्या समाजापुढचा सर्वांत गंभीर प्रश्न कॅफीनचा नाही, तर जेवणाच्या जागी येऊन बसलेल्या चहाचा आहे. बांधकामावरचा मजूर, उसाच्या फडातील कामगार, पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करणारी आपली भगिनी, हे सर्व चहावर भूक मारतात. लहान मुलांना चहा-बटर, चहा-खारी किंवा चहात बुडवलेली चपाती देऊन शाळेत पाठवले जाते. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला काही लागत नाही.

त्यातच चहामधील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोह बांधून ठेवतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा भाजी-भाकरीतील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक कमी करू शकतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. अर्ध्याहून अधिक! याचे मुख्य कारण अपुरा आहार हे आहे. पण जे थोडे लोह पोटात जाते त्यातही चहा वाटेकरी होतो. म्हणून जेवणापूर्वी एक तास व जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर मुळीच घेऊ नये. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असावा. त्याने लोह चांगले शोषले जाते.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

परीक्षेच्या काळात थर्मास भरून चहा घेऊन रात्र जागवणारे विद्यार्थी अनेक आहेत. घरात एकच खोली, दिवसभर गलबला. रात्रीच काय ती शांतता मिळते, हे मी जाणतो. परंतु लक्षात ठेवा, घेतलेले निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन पहाटे दोनपर्यंत अंगात असते. आणि वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. झोप मारून केलेला अभ्यास पेपरच्या वेळी आठवत नाही, तो याच कारणाने. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. ‘एनर्जी ड्रिंक’च्या डब्यांपासून तर दूरच राहा. भारतीय नियमांनुसार अशा पेयाच्या एका लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते आणि मुलांसाठी ते योग्य नाही, असे त्या डब्यावरच छापलेले असते.

मध्यम मार्ग

आता उपाय काय? तथागतांनी दुःख सांगितले, त्याचे कारण सांगितले आणि त्यातून सुटण्याचा मार्गही सांगितला. येथेही तोच क्रम लागू पडतो. एकदम चहा तोडू नका. डोकेदुखीने दोन दिवसांत संकल्प मोडतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. पूर्ण कपाऐवजी कटिंग घ्या. साखर अर्ध्या चमच्याने घटवत न्या. सकाळी उठल्यावर आधी पाणी प्या, काहीतरी खा, मग चहा घ्या. दुपारी ताक किंवा लिंबूपाणी घ्या. चहा फार कढत पिऊ नका. ६५ अंशांहून अधिक गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटले आहे. ज्यांना रक्तदाब, छातीत धडधड, पित्त किंवा निद्रानाश आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी चहाही कमी करावा, कारण धूम्रपान थांबले की कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकते.

खर्चही पाहा. बाहेरचा चहा दहा रुपये धरला आणि दिवसाला पाच कप झाले, तर महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार रुपये होतात. एवढ्यात मुलांची पुस्तके, वह्या आणि घरातल्यांसाठी अंडी, दूध, फळे येतील.

आपल्या सभा-समारंभांत चहाबरोबर पाणी व ताकही ठेवावे आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह करू नये, अशी संस्थेला माझी विनंती आहे. वर्षावासाचे तीन महिने संकल्पासाठी उत्तम आहेत. आषाढ पौर्णिमेला आपले कप मोजा आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा मोजा. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. स्वतः अनुभव घ्या, पटले तर स्वीकारा. बुद्धाने कालामांना हेच शिकवले.

ज्या कपासाठी आपल्या वाडवडिलांनी अपमान सोसला, तो कप आज आपल्या हाती सन्मानाने आला आहे. तो जरूर घ्या. पण सकाळी त्याच्यावाचून हातपाय हलेनात, अशी पाळी येऊ देऊ नका. घरातल्या माउलीच्या ताटात भाकरी, पालेभाजी आणि लिंबाची फोड आधी येऊ द्या, चहा मागाहून येऊ द्या.