थकलेल्या गुरुजींनी कमी बोलावं



शिक्षकाचा थकवा हा विषय मी मागून घेतला. गुरुजींचा पगार, बदली आणि सुट्ट्या यांवर पारावर पुष्कळ चर्चा होते. ते थकतात, यावर कुणी बोलत नाही. स्वतः शिक्षकही गप्प बसतो, कारण ‘शाळा तर पाच-सहा तासांची, त्यात कसला थकवा?’ हे उत्तर त्याने आधीच ऐकलेलं असतं.

हा थकवा येतो कुठून, ते आधी पाहू. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरची द्विशिक्षकी शाळा घ्या. वर्ग चार, शिक्षक दोन. एकजण केंद्रशाळेत बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे चारही वर्ग. त्यात पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती आणि ‘आजच्या आज पाठवा’ असा मोबाइलवर आलेला निरोप. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावू नये. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि पाठाची तयारीही त्यातच मोजली आहे. कायद्याने तयारीला काम मानलं. समाजाने अजून मानलेलं नाही.

ख्रिस्टिना मॅस्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा कामकऱ्यांचा अभ्यास केला, ज्यांचा दिवस माणसांशी बोलण्यात जातो. त्यांनी तीन लक्षणं सांगितली. आधी माणूस आतून रिकामा होतो. मग समोरच्याकडे माणूस म्हणून पाहणं सुटतं. शेवटी आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये या अवस्थेची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. शिक्षकाने सर्वांत जास्त जपायचं ते दुसऱ्या लक्षणापासून. ‘ही लेकरं अशीच, यांना काही येणार नाही’ हे वाक्य तोंडून निघालं की समजावं, थकवा आता मुलांपर्यंत पोचला. मग आपण आवाज चढवतो, तेच तेच तीनदा सांगतो आणि आणखी थकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: थकलेल्या शिक्षकाने जोर वाढवू नये, बोलणं कमी करावं आणि मुलांना बोलतं करावं. मुलांशी जुळलेलं नातं ही शिक्षकाच्या डोक्यावरची आणखी एक जबाबदारी असं आपण समजतो. खरं तर त्याचे श्रम तिथेच हलके होतात.

याचा दाखला आपल्याच मातीत आहे. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत १९२९मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. कामगारनेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करताना त्यांची प्रकृती ढासळली होती. पुढे हेच स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. निजामी राज्यात सरकारी शिक्षणाचं माध्यम मुख्यतः उर्दू होतं. मराठी घरातल्या पोराला आधी भाषेचा डोंगर चढावा लागे, मग विषयाचा. राष्ट्रीय शाळांनी त्याला त्याच्या भाषेत उभं केलं. शरीराने खचलेला हा माणूस हिप्परग्यात आणि १९३५नंतर अंबाजोगाईत विद्यार्थ्यांमध्येच राहिला, आणि मराठवाड्यातली तरुणांची एक पिढी त्याच्याभोवती जमली.

आता प्रश्न आपल्याला आहे. तांड्यावरचं पहिलीतलं लेकरू घरी बंजारा बोलतं. त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी ही तेव्हाच्या उर्दूसारखीच परकी असते. उमरगा तालुक्यातल्या कडदोरा परिसरातल्या जगदंबानगरच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक उमेश खोसे यांनी हे ओळखलं. मुलांच्या बोलीत शिकण्याचं साहित्य तयार केलं. २०२१मध्ये त्यांना राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. आपण यातून व्यवहाराची गोष्ट घ्यावी. मुलाला कळत नाही तेव्हा शिक्षकाचे श्रम दुप्पट होतात. मुलाची भाषा वर्गात आली की ते निम्मे होतात. त्यासाठी आधी ती भाषा ऐकावी लागते.

कळंब, भूम, वाशी, परांड्याकडच्या शिक्षकांना दुसरं एक दुखणं माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात तेव्हा मुळाक्षरंसुद्धा विसरलेली असतात. पुन्हा ‘अ’पासून सुरू करताना शिक्षकाचं मन खचतं. अशा वेळी फळ्याकडे वळण्याआधी त्या पोराला फडाबद्दल विचारा. एका खेपेला किती मोळ्या, टनाला काय भाव, मुकादमाची उचल किती फिटली, हे हिशेब त्याने रोज ऐकलेले असतात. त्याचं गणित तिथून सुरू होऊ शकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं. मुलं गुरं चारायला जात, म्हणून त्या कुरणशाळा घेऊन त्यांच्यामागे गेल्या.

करायचं काय, तेही सांगतो. दिवसाची पहिली पाच-दहा मिनिटं मुलांची ठेवा. गोल बसवा, काल काय घडलं ते त्यांना सांगू द्या. चौथीच्या मुलाला पहिलीच्या मुलापुढे वाचायला बसवा आणि तुम्ही शेजारी बसून ऐका. रोज एका मुलाबद्दल वहीत एक ओळ लिहा, परीक्षेचे गुण सोडून दुसऱ्या कशाहीबद्दल. घसा बसला असेल तर वर्गाला तसं सांगा. लेकरं आवाज कमी करतात, हा आपल्यातल्या कित्येकांचा अनुभव आहे. आणि झोप उडाली, कशातच मन लागेना असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे. त्यात कमीपणा नाही.

हे सांगताना मी प्रशासनाला मोकळं सोडत नाही. रिकाम्या जागा ऐकून घेतल्याने भरत नाहीत. अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, शाळेच्या वेळेत माहिती मागवू नका. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, पुढच्या बैठकीत एक विषय घ्या: गुरुजींचं कोणतं वरकड काम गावाला उचलता येईल? आहार वाटताना दोन पालक रोज उभे राहिले, तरी शिक्षकाला मुलांसाठी अर्धा तास मिळेल.

आणि शिक्षक मित्रहो, उद्या वर्गात गेल्यावर जे लेकरू सर्वांत कमी बोलतं, त्याला एक प्रश्न विचारा. त्याचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.