सातबाऱ्यावरच्या नावांपर्यंत



वाशिष्ठीच्या काठी, चिपळुणात, स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. कोयनेचं पाणी पोफळीला वीज देऊन याच नदीत उतरतं आणि पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. २२ जुलै २०२१ रोजी ही नदी आमच्या बाजारपेठेत शिरली. २००५चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा त्या दिवशी हबकून गेली. मी इथला व्यापारी. त्यानंतर या पेठेत जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या, हे कापडदुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना कळू लागलं. नदीतला गाळ काढावा म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात इथे साखळी उपोषण झालं. त्यात पर्यावरण कार्यकर्ता म्हणवून घेणारे थोडे होते. बाकी सगळे घरात पाणी शिरलेले लोक होते.

लोकांना कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. लोकांना कळतं. मात्र कळण्यासाठी आधी पूर यावा लागू नये, त्यासाठी ही परिषद आहे. पर्यावरणाच्या प्रश्नांवर लोकांपर्यंत जाण्याचा वर्षभराचा कार्यक्रम आपल्याला दोन दिवसांत आखायचा आहे. यजमान या नात्यानं मी फक्त आमच्या जिल्ह्याबद्दल काही सांगणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारी नाही, खासगी मालकीचं आहे. धनेश ज्या जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो, ते झाड बहुधा कोणाच्या तरी सातबाऱ्यात असतं. त्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. अर्धी माणसं मुंबईत, कोणी पुण्यात, एखादी म्हातारी काकी तेवढी गावच्या घरात. लाकूड-व्यापारी येतो, पडवीत बसतो, मुंबईला फोन लागतो आणि संध्याकाळपर्यंत डोंगर विकला जातो. काकीला लेकीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं असतं. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या फोनच्या आधी आपल्यापैकी कोणी त्या पडवीत पोहोचलं होतं का, हा प्रश्न मला सतावतो. तालुक्याच्या सभागृहात लावलेला फलक तिथे पोहोचत नाही. गावच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत कोणी जाऊन बोललं, तर ते पोहोचू शकतं. आपल्या आराखड्यात मुंबई मंडळांचा रकाना असावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वेळेचंही तसंच. आपण पर्यावरण दिन ५ जूनला करतो. त्या दिवशी शाळांना सुटी असते आणि शेतकऱ्याचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. जुलैत माणूस लावणीच्या चिखलात असतो. कोकणात सगळं गाव एकत्र सापडतं ते शिमग्याला आणि गणपतीला. पालखी घरोघर फिरते, चाकरमानी आलेले असतात, गावकी बसते. शिमग्याचे दिवस म्हणजे वणव्यांचेही दिवस. गवत चांगलं फुटेल या समजुतीनं किंवा नुसत्या निष्काळजीपणानं लागलेली आग काजूच्या बागेत शिरते आणि दहा वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. वणव्याबद्दल बोलायचं तर त्या आधीच्या गावकीत बोललं पाहिजे, आणि ज्याची बाग जळली त्यानं बोललं पाहिजे.

असं काम झालेलं पाहायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. नाना फडणविसांचं हे गाव. २००२ साली चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना कासवाची उकरलेली घरटी दिसली. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्रेही उकरून खात. संस्थेनं गावातल्याच माणसांना किनाऱ्याची राखण दिली, घरटी कुंपणात हलवली, ग्रामपंचायतीला सोबत घेतलं. अंड्यातून पिल्लं यायला पन्नासेक दिवस लागतात. तेवढे दिवस रोज पहाटे कोणीतरी वाळू तुडवायची असते, आणि ते काम बाहेरून आलेल्या माणसाला जमण्यासारखं नाही. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, घरच्या बाईच्या हातचं जेवू लागले, आणि कासवाचं पिल्लू समुद्राकडे जाण्यात त्या घराचंही काही असू लागलं. आधी वर्षानुवर्षं राखण झाली आणि मग उत्सव आला. आपण पुष्कळदा उत्सवापासूनच सुरुवात करतो, म्हणून दुसऱ्या वर्षी कोणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते, ती या व्यासपीठावरून बोलून टाकतो. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. आमचा जिल्हा आणि सिंधुदुर्ग त्यात विशेष अभ्यासाला होते. निर्णय ग्रामसभांपासून वर जावा, असं त्या समितीचं म्हणणं. तो इंग्रजी अहवाल लोकांसमोर यायलाच २०१२चा मे उजाडला. मराठी माणसाच्या हाती तो पडण्याआधी अफवा पोहोचली: घराला खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, शेती बंद होईल. ती खोडून काढायला गावोगाव जाणारी माणसं आपल्याकडे पुरेशी नव्हती. त्या अहवालावर मतभेद असू शकतात, पण न वाचता झालेल्या विरोधाचं मला फार दुःख आहे. यापुढे जो कागद गावाबद्दल असेल तो गावाच्या भाषेत, आधी गावात, एवढं तरी आपण या दोन दिवसांत ठरवू या.

पहिल्या सत्रात कोणाही तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलेलं नाही. खाडीतले मच्छीमार, काजू बागायतदार आणि बचत गटातल्या भगिनी आधी बोलतील. तज्ज्ञांनी त्या वेळी वह्या उघडाव्यात, त्यांचं सत्र जेवणानंतर आहे. स्वागत समितीच्या वतीनं पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि पहिल्या वक्त्या ताईंना मंचावर येण्याची विनंती करतो.