पीट सायबर्ट यांचें स्मरण

पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगानें घसरत जाण्याच्या खेळास स्की म्हणतात. त्यांत सारी भिस्त गुडघ्यांवर असते. असें असतां, गुडघ्याची वाटीच गमावलेल्या एका सैनिकानें ह्या खेळासाठीं आख्खें गांव वसविलें, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे.

पीट सायबर्ट यांचा जन्म १९२४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. ह्या खेळाचें वेड त्यांस लहानपणींच लागलें. दुसऱ्या महायुद्धांत ते पर्वतयुद्धासाठीं उभारलेल्या दहाव्या डिव्हिजनमध्यें दाखल झाले. कोलोरॅडोंतील सुमारें ९,२०० फूट उंचीवरच्या कँप हेल ह्या छावणींत ती तुकडी तयार झाली. १९४५ च्या मार्चमध्यें इटलींत तोफगोळ्याच्या स्फोटानें सायबर्ट यांचा डावा हात छिन्नभिन्न झाला आणि उजव्या गुडघ्याची वाटी गेली. आतां स्की करणें कठीण, असें डॉक्टरांचें मत पडलें. तथापि १९५० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांत त्यांची निवड झाली!

परंतु त्यांचा खरा ध्यास स्वतःचें क्रीडास्थान उभारण्याचा होता. त्यासाठीं त्यांनीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें हॉटेलच्या धंद्याचें शिक्षण घेतलें. १९५७ च्या मार्चमध्यें, युरेनियमच्या शोधांत हा मुलूख पालथा घातलेल्या अर्ल ईटन यांनीं त्यांस कोलोरॅडोंतील एका डोंगरावर नेलें. सात तास बर्फ तुडवून दोघांनीं माथा गांठला; पलीकडे झाडें नसलेले विस्तीर्ण हिमाचे उतार पसरले होते. हवी ती जागा सांपडली. भाव चढूं नयेत म्हणून पायथ्याचीं कुरणें शिकार व मासेमारी करणाऱ्या क्लबाच्या नांवानें खरेदी करण्यांत आलीं. भांडवलासाठीं १०,००० डॉलरचा एक, असे भाग विकण्यांत आले. १५ डिसेंबर १९६२ रोजीं ‘व्हेल’ सुरू झालें. दिवसाचें तिकीट ५ डॉलर होतें. इटलींतील ज्या कड्यावर डिव्हिजननें रात्रीं चढाई केली, त्या रिव्हा रिजचें नांव तेथील एका उतारास मिळालें.

२६ मार्च १९७६ रोजीं तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांच्या अपघातांत चार माणसें दगावलीं. त्यानंतर कंपनीची सूत्रें सायबर्ट यांच्या हातून गेलीं. पुढें नव्या मालकानें सल्लागार म्हणून बोलाविलें, तेव्हां जेथें धनी होते तेथें ते सल्लागार म्हणून परतले. १५ जुलै २००२ रोजीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला. त्याच डोंगरावरील दोन हिमदऱ्यांस आज पीट आणि अर्ल ह्या दोघां सोबत्यांचीं नांवें आहेत.