विजेचा मीटर घरमालकाने स्वतः बदलावा काय?

(गोव्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त विद्युत अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या पंचायतीनेच सुचविला आहे. गेल्या पावसाळ्यात या वाड्यावर दोन-तीन घरांचे मीटर जळाले, आणि ‘बाजारात मीटर मिळतो, वायरमन ओळखीचा आहे, मग खात्याची वाट कशासाठी पाहावयाची?’ असा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला, असे मला सांगण्यात आले. प्रश्न उद्धटपणाचा नाही. जो गृहस्थ आपल्या घराची कौले स्वतः शाकारतो, विहिरीवरचा पंप स्वतः दुरुस्त करतो, त्याला चार स्क्रूंनी बसविलेली एक पेटी बदलणे अवघड का वाटावे? म्हणून ‘कायद्याने मनाई आहे’ एवढे सांगून मी खाली बसणार नाही. मनाई का आहे, ती कोठपर्यंत आहे आणि तिच्या मोबदल्यात खात्याने आपले कोणते देणे लागते, हे तिन्ही पाहिले पाहिजे.

प्रथम धोक्याचा विचार करू. पुष्कळांची समजूत अशी की मेन स्विच बंद केला म्हणजे घरातील वीज बंद झाली. घरातील झाली, हे खरे. परंतु मेन स्विच मीटरच्या पुढे असतो. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आधी मीटरमध्ये शिरते. त्यामुळे मेन स्विच बंद असला तरी मीटरच्या ज्या टोकाला ही वायर येते, ते टोक २३० व्होल्टच्या दाबाखाली जिवंतच राहते. घरातील फ्यूज तेथे कामाचा नाही, कारण तोही पुढेच आहे. स्क्रूड्रायव्हर घसरून दोन टोके एकमेकांना भिडली, तर तेथून वाहणाऱ्या प्रवाहाला अडविणारे खांबावरच्या किंवा ट्रान्स्फॉर्मरवरच्या फ्यूजखेरीज दुसरे काही नसते. शेकडो अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहिला तरी तांबे वितळून उडते, आणि ते उडते ते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर व हातांवर.

दुसरा धोका सावकाश येतो. मीटरच्या टोकाशी वायर सैल राहिली की तेथे रोध वाढतो, वायर तापते, तापल्यामुळे आणखी सैल होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रात्री, फ्रीज व पंप एकदम चालू असताना, मीटरचा पाया जळू लागतो. आपल्याकडे समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलाव्यात तांब्यावर हिरवा थर लवकर चढतो. मुंग्या आणि पाली मीटरच्या पेटीत घर करतात. ज्या मीटरबद्दल ‘आपोआप जळाला’ असे सांगण्यात येते, त्यांपैकी पुष्कळांचे कारण ही सैल जोडणीच असते. म्हणजे घाईने बसविलेला नवा मीटर जुन्याच्याच वाटेने जाण्याची शक्यता अधिक.

फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर दिवे लागतात, पंखे फिरतात, सारे सुरळीत दिसते. मात्र स्विच बंद केला तरी उपकरणापर्यंत फेज पोहोचलेलाच राहतो, आणि बल्ब बदलण्यासाठी हात घालणाऱ्या गृहिणीला त्याची कल्पना नसते. तीन फेजच्या मीटरमध्ये न्यूट्रलच्या जागी चुकून दुसरा फेज जोडला, तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो. मग टीव्ही, फ्रीज, पंखे यांची राख व्हावयास काही मिनिटे पुरतात.

आता कायद्याकडे वळतो. येथे सरकारी नोकरांनी विशेष लक्ष द्यावे, कारण ग्रामस्थांना चुकीचे उत्तर अनेकदा आपल्याच खिडकीतून मिळते. विद्युत अधिनियम, २००३ याच्या कलम ५५ प्रमाणे अचूक मीटरशिवाय वीज पुरविता येत नाही. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे की मीटरच्या किमतीची अनामत देऊन तो भाड्याने घ्यावा किंवा ग्राहकाची इच्छा असल्यास त्याने तो स्वतः विकत घ्यावा. मीटर विकत घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे! ‘बाहेरचा मीटर चालणार नाही’ असे सरसकट उत्तर देणे बरोबर नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांनी मर्यादा घातली आहे ती पुढच्या पायरीवर: ग्राहकाने विकत घेतलेला मीटर तपासणे, बसविणे व मोहोरबंद करणे ही कामे वीजपुरवठादाराची. आपल्या राज्यात पुरवठादार म्हणजे राज्य शासनाचे विद्युत खाते. मीटर आपल्या पैशाचा असू शकतो. हात मात्र खात्याचा असला पाहिजे.

आणि तो हात आपला असला तर? कलम १३८ अन्वये पुरवठादाराच्या तारेला विनापरवाना मीटर जोडणे, तसेच तिच्यापासून मीटर तोडणे, हा अपराध आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. या कलमात चोरीच्या हेतूची अट नाही, हे ध्यानात ठेवावे. हेतू अप्रामाणिक होता असे ठरले, तर कलम १३५ खाली वीजचोरीचा खटला होतो. शिवाय वापर अनधिकृत ठरल्यास कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते, आणि तो केव्हापासून चालू होता हे निश्चित करता आले नाही, तर मागील बारा महिने धरले जातात. ज्या गरीब माणसाने केवळ अंधार नको म्हणून मीटर बदलला, त्याच्यावर ही आकारणी आली म्हणजे तो बिचारा हबकून जातो.

एक गोष्ट मात्र कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नसते. जुना मीटर हा आपला साक्षीदार आहे. बिल अवाच्या सव्वा आले असेल, तर ते चुकीचे होते हे सिद्ध करणारी एकमेव वस्तू म्हणजे तोच मीटर, त्याच्या शाबूत मोहोरेसह. तो काढून माळ्यावर टाकला की आपली बाजू गेली. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये झाकण उघडल्याची तारीख-वेळ नोंदविण्याचीही सोय असते; तेव्हा ‘नुसते पाहिले, केले काही नाही’ हा बचाव टिकत नाही.

दुकानातील तराजू दुकानदाराचा असतो, पण वजनावर शासनाचा शिक्का असतो. गिऱ्हाईक आपला तराजू घेऊन जात नाही आणि दुकानदारालाही शिक्का खरवडता येत नाही. मीटरची मोहोर हा तसाच प्रकार आहे. ती दोघांनाही बांधते.

येथपर्यंत मी ग्रामस्थांना सांगितले. आता जे सांगणार आहे, ते माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी, आणि थोडेसे माझ्या स्वतःसाठी.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका उपविभागात कनिष्ठ अभियंता होतो. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. एका वृद्ध गृहस्थांचा मीटर थांबला आणि पुढे पंधरवड्याने जळाला. त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मीटरचा साठा नव्हता, ही गोष्ट खरी. परंतु तसे त्यांना लेखी कळवावे, तात्पुरती सोय करावी किंवा शेजारच्या उपविभागातून एखादा मीटर मागवावा, यांपैकी मी काहीच केले नाही. अर्ज फायलीत राहिला. ते दोनदा कार्यालयात आले, आणि दोन्ही वेळा मी त्यांना ‘साठा आल्यावर पाहू’ असे सांगितले. चवथ तोंडावर आली. मुंबईहून मुलगा कुटुंबासह आला. घरात गणपती बसावयाचा आणि माटोळीखाली कंदील! मुलाने पणजीहून मीटर आणला आणि चवथीच्या आदल्या संध्याकाळी, मेन स्विच बंद करून, तो बसवावयास घेतला. पुढे काय झाले ते मी वर सांगितलेल्या पहिल्या धोक्यात आलेच आहे. मुलगा वाचला. उजव्या हाताची तीन बोटे नंतर नीट वळली नाहीत. तो छापखान्यात जुळारी होता.

चौकशीचा अहवाल मीच लिहिला. ‘ग्राहकाने विनापरवाना हस्तक्षेप केल्यामुळे’ असे त्यात शब्द आहेत. ते शब्द खोटे नाहीत. फायलीतील अर्जाची तारीख मात्र मी अहवालात लिहिली नाही, आणि ती कोणी विचारलीही नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की घरमालकाने मीटर स्वतः बदलू नये. आणि ज्या कार्यालयात अर्ज पडून राहतो, त्या कार्यालयाला हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार निम्माच राहतो. कायद्यालाही हे मान्य आहे. कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके आयोगाने ठरवावयाची असतात, आणि ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई देय होते. गोव्यासाठी हे काम संयुक्त विद्युत नियामक आयोगाकडे आहे. ही मुदतीची कोष्टके प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर, लोकांना वाचता येईल अशा मराठी-कोंकणीत लागली पाहिजेत. ती साहेबांच्या कपाटात असून उपयोग नाही.

मीटर बिघडला, जळाला किंवा त्याबद्दल संशय आला, तर काय करावे? पेटीतून धूर किंवा जळका वास येत असेल, तर त्याला हात लावू नये. जवळ न जाता मेन स्विच बंद करता येत असेल तरच करावा, आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. लेखी अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये; त्या वृद्ध गृहस्थांजवळ पोच असती तर माझा अहवाल वेगळा लिहावा लागला असता. मीटर बदलण्यास कर्मचारी येईल तेव्हा जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, नव्याचा पहिला आकडा आणि दोन्हींचे क्रमांक कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात. शाळेत जाणाऱ्या मुलाने मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवले तर फारच चांगले.

मीटर जास्त धावतो असे वाटत असेल, तर २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तक्रार आल्यापासून पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींची तुलना करण्याची तरतूद आहे. पुष्कळ ग्राहकांना आणि, खेदाने म्हणतो, काही कर्मचाऱ्यांनाही ही तरतूद ठाऊक नाही. बिलाचा वाद चालू असताना पुरवठा तोडला जाईल ही भीतीही अनाठायी आहे. कलम ५६ प्रमाणे मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

गुरुजनांसाठी एक प्रयोग सांगतो. वर्गातील मुलांकडून करवून घेण्याजोगा आहे. मीटरला हात न लावता त्याची परीक्षा घेता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकेल तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. प्रथम घरातील सर्व उपकरणे बंद करावीत. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी गळती आहे किंवा एखादे उपकरण चालू राहिले आहे. नंतर पाणी तापविण्याचा १००० वॉटचा रॉड एकटाच, पाण्यात बुडवून, तीन मिनिटे चालू ठेवावा. एका तासाला एक युनिट, म्हणजे तीन मिनिटांत युनिटचा विसावा भाग. दिवा सुमारे १६० वेळा लुकलुकला पाहिजे. इस्त्री घेऊ नये, कारण ती मधेच आपोआप बंद होते. आपल्या गावात संध्याकाळी दाब २१० व्होल्टपर्यंत उतरत असेल, तर तोच रॉड ८३४ वॉटच घेईल आणि मोजणी १३३ च्या आसपास येईल. तो मीटरचा दोष नव्हे. मोजणी दोनशेच्या पुढे गेली, तर मात्र अर्ज करावा, आणि अर्जात हे आकडे लिहावेत. आकडे लिहिलेला अर्ज बाजूला सारणे अभियंत्याला अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

जुना चकतीचा मीटर जाऊन नवा आला की बिल वाढते, अशी तक्रार वारंवार येते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. वर्षानुवर्षे फिरून जुन्या मीटरचे खालचे टेकू झिजतात, चकती जड होते आणि लहानसा भार तिला हलवू शकत नाही. चार्जर, स्टँडबायवरील टीव्ही, देवघरातला लहान बल्ब हे तिच्या हिशोबातून सुटत असत. नवा मीटर ते सारे मोजतो. तो जास्त धावत नाही. जुना मागे पडला होता. परंतु वरील प्रयोगाने खात्री करून घेण्याचा आपला हक्क आहेच.

मीटरच्या पुढचे सारे, म्हणजे मेन स्विच, घरातील वायरिंग, अर्थिंग, हे आपले. तेथेही काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. एवढा खर्च करणारच असाल, तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला बंद पडणारा स्विच बसवून घ्यावा. चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

सरपंचांनी वेळेची खूण केली आहे. अर्जाच्या नमुन्याच्या काही प्रती मी मराठीत करून आणल्या आहेत. त्या पंचायतीच्या चिटणीसांकडे ठेवतो. ज्यांचे मीटर गेल्या महिन्यात जळाले, त्यांनी थांबावे. साहाय्यक अभियंता येथे उपस्थित आहेत. ते आजच आपले अर्ज घेणार आहेत, आणि पोचही देणार आहेत.